अयूबभाईंनी फेकलेलं 'नाही'

अयूबभाईंना रिकामी वस्तू बघवत नसे. मालवाहू बोटीवरची कोठी सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि बोटीवर जागा म्हणजे काय चीज असते हे किनाऱ्यावर मांडवीत पाय पसरून बसणाऱ्या लोकांना कळणं शक्यच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कायमचे घरी आल्यापासून त्यांनी मोहीमच उघडली. बिस्किटाचा शेवटचा तुकडा मुलीच्या दातांखाली असतानाच पुडा कचऱ्यात जाई. तेलाची बाटली कढईवर उपडी धरली की खाली हात पसरून अयूबभाई उभेच. एकदा तर शेजारणीने आंब्याच्या रसाची सांदणं घालून पाठवलेला डबा त्यांच्या बायकोने, मरियमभाभींनी, धुऊन ओट्यावर ठेवला होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात काहीतरी घालायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात अयूबभाईंनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. शेजारीण अजून कुंपणावरून विचारते, "मरियम, डब्याची घाई नाही हां."

अशा माणसाच्या घरात काँप्युटर ठेवताना अलिझाने थोडा विचार करायला हवा होता.

अलिझा त्यांची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीचं काम माडीवर बसून करायची. काम काय, ते घरात कोणालाच धड सांगता येत नसे. "फायली कशा ठेवायच्या ते ठरवते," असं मरियमभाभी अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे पोरगी तहसील कचेरीत लागली. खाली पडवीत मरियमभाभींची खानावळ होती. भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर पदार्थांचे मोठमोठे फोटो, गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं आणि जेवायचं. फोटोंची कल्पना अलिझाची.

पहिल्या पहिल्यांदा घोटाळा असा व्हायचा, की कोळंबी संपली की मरियमभाभी फोनवरून कोळंबीचा फोटोच पुसून टाकत. दुसऱ्या दिवशी कोळंबी येई, पण फोटो नसे. मग नवी कोळंबी शिजवायची, ताट मांडायचं, अंगणात उजेडाला न्यायचं, कावळे हाकलायचे आणि फोटो काढायचा. तोवर गिऱ्हाईक पाणी पिऊन बसलेलं.

"अम्मी, असं समज," अलिझाने एक दिवस आईला समोर बसवून सांगितलं, "तुला येतात तेवढ्या सगळ्या पदार्थांचे फोटो भिंतीवर डकवलेत, नि वरून काच बसवलीय. खालच्या फोटोंना आता कोणाचा हात लागायचा नाही. आज कोळंबी नाय? काचेवर कोळंबीच्या जागी एक चिठ्ठी डकव. बघणाऱ्याला कोळंबी दिसत नाही, विषय संपला. उद्या चिठ्ठी काढ, कोळंबी परत हजर."

"नि फोटोखालचं नाव बदलायचं झालं तर?"

"तर त्या फोटोची नक्कल आपोआप काचेवर येते. तू बदलतंस ती नक्कल. खालचा फोटो होता तसाच राहतो."

"म्हणजे काही म्हणता काही जातच नाही?"

"काहीच नाही."

मरियमभाभींना हे फार पसंत पडलं, आणि त्यांनी पहिली चिठ्ठी ताबडतोब चिकटवली, ती नवऱ्याच्या खिचडीवर. गेल्या वर्षी त्या शारजाला मुलाकडे गेल्या असताना अयूबभाईंनी खानावळ चालवायला घेतली होती आणि बोटीवरची म्हणून एक खिचडी करून तिचा फोटो लावला होता. तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, हळद, वर थोडं तूप. दुसरं काही नाही. मरियमभाभींनी परत आल्यावर ती खाऊन बघितली, बराच वेळ जीभ तोंडात फिरवली आणि विचारलं, "हे जेवण आहे की औषध?" अयूबभाईंनी उरलेली खिचडी स्वतःच्या ताटात ओढून घेतली. पण टीव्हीवरून खिचडी गेली ती त्यांच्या मनाला लागली होती.

या चिठ्ठ्या काँप्युटरात कशा दिसत, हे इथे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची सगळी आफत त्यातच आहे. अलिझाने 'काच' नावाचं एक फोल्डर केलं होतं. आईने कोळंबी काढली की त्यात 'नाही-कोळंबी' नावाची एक फाईल आपोआप तयार होई. आत अक्षरसुद्धा नसे. नुसतं नाव, आणि पोट रिकामं. टीव्ही आधी खालचे फोटो वाचायचा, मग काचेवरची 'नाही' वाचायचा आणि उरेल ते दाखवायचा.

ऑफिसातही अलिझाच्या पुढ्यात नेमका हाच प्रश्न होता. तिथे फोटोंच्या जागी हजारो यंत्रांवरच्या फायली होत्या, एवढाच फरक. नसलेली गोष्ट फोल्डरमध्ये लिहायची कशी? तिची वरिष्ठ ऋतिका पुण्याहून रोज तेच घेऊन बसे, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशीही सकाळपासून माडीवर वाद चालू होता.

"नकाराला वेगळी जात दे, अलिझा," ऋतिका पडद्यावरून म्हणत होती. "साध्या यादीत दिसणारच नाही, साध्या हाताने पुसताच येणार नाही, अशी खास नोंद."

"खास नोंदी पेन ड्राइव्हवर कॉपी करताना गळतात. रिकामी फाईल बिचारी कुठेही जाते."

"कुठेही जाते म्हणूनच कोणीही उचलून टाकतं."

"रिकामी फाईल कोण मुद्दाम जाऊन पुसणार आहे?" अलिझा हसून म्हणाली. "कोणाला एवढा वेळ आहे?"

ज्याला वेळ होता तो माणूस त्या क्षणी बरोबर खाली अंगण झाडत होता.

अंगण झाडायचं कारण म्हणजे त्या दुपारी तेजस्वी येणार होती. तेजस्वी पुण्याहून सहली आणते. तिची माणसं आज पहिल्यांदा इथे जेवणार होती, आणि जेवण पटलं तर अख्ख्या हंगामातल्या सहली मरियमभाभींकडे लावायच्या, असं तिने कबूल केलं होतं. नाही पटलं तर मात्र खानावळीचा कारभार आटोपल्यातच जमा होता. जवळच काचेच्या दर्शनी भिंतीचं नवं हॉटेल झाल्यापासून पडवीतली बाकडी ओस पडायला लागली होती. शारजाहून मुलाचा, अक्रमचा, रोज फोन. "अम्मी, बंद कर आता. इकडे ये, पोरांना सांभाळ." नातवंडांवर मरियमभाभींचा जीव होता, नाही असं नाही. पण तिथे खिडकी उघडत नाही आणि शेजारीण दार उघडत नाही. दिवसभर चौदाव्या मजल्यावर नुसतं टांगून राहायचं. तरी महिनाअखेरपर्यंत जम बसला नाही तर येते, असा शब्द त्यांनी मुलाला देऊन ठेवला होता.

त्यात वारा सुटलेला. मिरकरवाड्याच्या बंदरावरून निम्म्या बोटी बाहेरच पडल्या नव्हत्या. बांगडा तेवढा चांगला मिळाला. मरियमभाभींनी सकाळीच मोठ्या टोपात बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत रस्सा, रटरटत ठेवलं, एका हाताने ते ढवळलं आणि दुसऱ्या हाताने फोनवरून जे जे नव्हतं त्याला 'नाही' घातलं. सुरमई नाही, कोळंबी नाही, कालवं नाही. हंगाम नसल्यामुळे आंब्याची सांदणं, पातोळ्या वगैरेंना तर कधीचंच 'नाही' होतं. मग त्या निर्धास्त झाल्या.

अयूबभाईंनी अंगण झाडलं, पडवी पुसली, बाकडी एका रेषेत आणली. झाडण्यासारखं आणखी काय उरलंय म्हणून त्यांनी सभोवार नजर टाकली, तर कोपऱ्यात टीव्ही चालवणारा काँप्युटर. त्यावर 'काच' फोल्डर उघडंच होतं. अयूबभाईंनी चष्मा लावला. फायलींची ही मोठी रांग, आणि नावं वाचण्याआधीच डोळ्यांत भरलं ते प्रत्येकीच्या पुढे लिहिलेलं वजन: शून्य.

"शून्य!" अयूबभाई स्वतःशीच म्हणाले. "पाहुणे यायची वेळ झाली नि पोरीने हा पसारा केलाय."

त्यांनी सगळ्या एकदम निवडल्या आणि पुसल्या. वर काँप्युटरातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण भरलेली टोपली हा त्यांच्या हिशेबी दुसरा पसारा. बोटीवर तिसऱ्या नंबरची कोठी धुऊन काढल्यावर वाटायचं तसं त्यांना हलकं वाटलं.

मान वर केली तर टीव्हीवर त्यांची खिचडी.

अयूबभाई बराच वेळ बघतच राहिले. सुरमई, कालवं, सांदणं, पातोळ्या असे पुष्कळ फोटो तिथे आले होते, पण त्यांना एकच दिसत होता. पिवळा, साधा, कडेला जरा करपलेला. मरियमने परत लावली! न बोलता, न सांगता, एवढ्या महत्त्वाच्या दिवशी लावली! खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी टीव्ही पुसून काढला. बायकोला काही विचारायला जावं असं त्यांना वाटलं, पण तिने न बोलता केलंय तर आपणही बोलू नये, एवढी रीत त्यांना कळत होती. त्यांनी फक्त फोटोखालचं नाव जरा सुधारलं. 'अब्बांची खिचडी' असं होतं, तिथे 'जहाजी खिचडी, कॅप्टनच्या आवडीची' असं केलं. कॅप्टनला ती खरंच आवडायची की नाही हे विचारायला आता कॅप्टन नव्हता.

बरोबर जेवणाच्या वेळेला सहलीची गाडी आली. गळ्यात शिट्टी अडकवलेली तेजस्वी आधी उतरली आणि तिच्यामागून वयस्कर मंडळी एकेक करून उतरली. बरीचशी गप्प होती. अयूबभाईंनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"बोला साहेब, काय देऊ? फळ्यावर दिसतंय ते सगळं आहे."

टीव्हीला ते फळाच म्हणत, आणि हे ते मनापासून बोलले. बोटीवर फळ्यावर लिहिलेलं असेल ते कोठीत असायलाच हवं, नसेल तर कोठीवाल्याची नोकरी जायची.

रावजीकाका म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे लांज्याकडचे, हयात पुण्यात गेलेली. त्यांनी टीव्ही डोळे बारीक करून तपासला. "ती सांदणं... वाफवलेली असतात ना हो? तळत नाहीत ना?"

"अजिबात नाही."

"मग मला तीच द्या."

"मला पातोळ्या," त्यांच्या पत्नी विमलाकाकू घाईने म्हणाल्या. "हळदीच्या पानातल्या. पचायला बऱ्या."

"मिळणार."

मग शिरवळ्या मागितल्या गेल्या, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया. कोणी ताडगोळे मागितले. बांगड्याच्या तिखल्याकडे तेजस्वीखेरीज एकाचंही बोट गेलं नाही. अयूबभाई प्रत्येकाला "मिळणार" म्हणाले आणि कोठीचा हुकूम सांगावा तशा खड्या आवाजात त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात सगळं म्हणून दाखवलं.

मरियमभाभींच्या हातातला डाव टोपात पडला.

"आंब्याची सांदणं? झाडाला मोहोर यायचाय अजून, नि तुम्ही रस काढून मागताय?"

"फळ्यावर आहे."

"डब्यातल्या रसाची सांदणं केली तर माझी अम्मा कबरीतून उठून येईल! नि पातोळ्या? डिसेंबरात हळदीची पानं कुठून आणू? ताडगोळे काय मी झाडावर चढून..."

"मरियम, फळ्यावर आहे," अयूबभाई शांतपणे म्हणाले. "फळ्यावर तूच लावलंस."

मरियमभाभींनी पडवीत डोकावून टीव्ही बघितला आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "अलिझा! येतंस काय खाली? माझी सगळी 'नाही' गेली गो!"

अलिझा ऋतिकाला तशीच पडद्यावर बोलती ठेवून धावली. 'काच' फोल्डर उघडलं, तर आत काही नाही. म्हणजे एकही 'नाही' नाही.

"अब्बा, हयसर, या फोल्डरात, रिकाम्या फायली होत्या. तुम्ही काढल्यात?"

"मग ठेवू? एकीत काही नव्हतं. शून्य वजन. नीट बघून काढल्या मी."

"त्या रिकाम्या नव्हत्या अब्बा, त्या 'नाही' होत्या! कालवं नाहीत, सांदणं नाहीत, हे टीव्हीला सांगायला ठेवलेल्या. तुम्ही 'नाही' फेकलंत, म्हणून सगळं 'आहे' झालं!"

अयूबभाईंनी यावर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं. मग ते बायकोकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे खिचडी तू परत लावली नाहीस."

मरियमभाभी टोपात पडलेला डाव काढायला वळल्या. अयूबभाईंनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी घालून बाकड्यावर ठेवला आणि ते मागच्या परसात निघून गेले.

इकडे पाहुणे मोबाईलवर टीव्हीतल्या सांदणांचे फोटो काढायला लागले होते. एकेक 'नाही' पुन्हा घालत बसायला वेळ नव्हता. अलिझाने तिच्या त्या रचनेतला एक जालीम उपाय काढला. काच आणि भिंत यांच्यामध्ये एकच पडदा ओढायचा: खालचं काहीएक दाखवू नको. अख्खी भिंत झाकली की मग आज आहे तेवढंच, बांगडा आणि भात आणि सोलकढी, वर काचेवर डकवायचं. तिने पडदा ओढला.

सुरमई गेली, कालवं गेली, सांदणं गेली. भिंतीवरचं सगळं गेलं. पण अयूबभाईंनी नाव सुधारल्यामुळे एका फोटोची नक्कल आधीच काचेवर येऊन बसली होती, हे अलिझाला ठाऊक नव्हतं. काचेवरच्या वस्तूला मागचा पडदा काय करणार? आणि एकच फोटो उरला की टीव्ही तो स्वतःएवढा मोठा करून दाखवायचा, हेही तिनेच केलं होतं. बाकड्याएवढी पिवळीधमक खिचडी भिंतीवर उभी राहिली. खाली लिहिलेलं, 'कॅप्टनच्या आवडीची'.

मोबाईल धरलेले हात खाली आले.

"हे काय?" तेजस्वी म्हणाली. "एवढं सगळं दाखवलंत आणि आता एवढंच?"

मरियमभाभी दारात उभ्या होत्या. त्यांना त्या खिचडीत शारजाची न उघडणारी खिडकी स्पष्ट दिसली. महिनाअखेरीपर्यंत थांबायचीसुद्धा आता गरज नाही, आज रात्रीच बॅग भरावी, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात रावजीकाका उठून उभे राहिले. "ही... साधी खिचडी आहे का हो? तिखट नसते ना?"

"काहीच नसतं काका त्यात," अलिझा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मसाला?"

"नाही."

"खोबरं? चिंच? मासळीचा वाससुद्धा नाही?"

"नाही हो."

"मग एवढ्या फोटोंत दडवून का ठेवलीत!" रावजीकाकांनी हात जोडले. "मला ही द्या. सांदणं राहू देत. दोन दिवस झाले, मासे आणि रस्से, मासे आणि रस्से. सकाळपासून नुसत्या सोडावॉटरवर चाललोय मी."

"मलाही हीच," विमलाकाकू म्हणाल्या. मग मागच्या बाकड्यावरून एक हात वर आला. मग दुसरा. मग मोजायचं कारणच राहिलं नाही.

तेजस्वी थक्क झाली. "अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गाडीत माइकवरून म्हणालात, आज बांगड्याचं तिखलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," रावजीकाका म्हणाले. "मीही वाजवल्या. एकदा टाळ्या वाजवल्यावर पोटाचं कसं सांगणार?"

सगळं जमून आलं होतं. फक्त खिचडी करणारा माणूस परसात विहिरीच्या कठड्यावर पाठ फिरवून बसला होता.

"त्यात काय मोठंसं, मी करते," मरियमभाभी म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. डाळ पडली, पाणी पडलं, आणि त्यांचा हात आपोआप मसाल्याच्या डब्यात गेला. अलिझाने तो धरून बाहेर काढला. थोड्या वेळाने तो हिरव्या मिरच्यांवर गेला. अलिझाने पुन्हा धरला. तिसऱ्यांदा मरियमभाभींनी लसणीची पाकळी नकळत पदराआड धरलेली सापडली.

"बिनचवीचं माझ्या हाताने होत नाही गो," त्या हताश होऊन म्हणाल्या. "मी प्रयत्न करते, पण हात ऐकत नाही."

त्या ओले हात पुसत परसात गेल्या. अयूबभाईंनी मान वळवली नाही.

"ऐकलंत का?"

"मी करत नाही."

"तुमची खिचडी मी काढली. चव नव्हती म्हणून काढली."

"हां."

"चव अजूनही नाही. खोटं नाही बोलणार मी."

"हां."

"पण मला शारजाला जायचं नाही हो," मरियमभाभी म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांच्या डोळ्यांतून आलंच. "मला इथेच राहायचंय. पडवीत माणसं जेवतायत नि तुम्ही माझे डबे फेकताय, असंच मरेपर्यंत पाहिजे मला. उठा ना."

अयूबभाई बायकोकडे वळले. मग म्हणाले, "ती चवीसाठी नसतेच मुळी. बोट हलायला लागली की नव्या पोरांचं पोट उलटं व्हायचं, पाणी ठरायचं नाही. तेव्हा करायचो. तीन दिवस न जेवलेला माणूस ती खाऊन उभा राहायचा." ते उठले. "डाळ भाजून घेतलीस का?"

"नाही."

"मग तू हात लावू नकोस."

अयूबभाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मरियमभाभींना आयुष्यात पहिल्यांदा तिथून बाहेर काढलं. त्या दिवशी पडवीत खिचडी वाढली गेली. पहिले चार घास सगळ्यांनी भराभर घेतले. मग रावजीकाकांनी पाठ बाकड्याला टेकवली, डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला की तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. त्यांच्यामागून सगळ्या बाकड्यांवरून सुस्कारे निघाले. विमलाकाकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. तेजस्वी एकटी ताट पुढ्यात ओढून बांगड्याचं तिखलं खात होती, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडाने "आणखी वाढा."

हात धुऊन ती मरियमभाभींसमोर आली. मरियमभाभींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"माझं ठरलंय," तेजस्वी म्हणाली. "माझ्या सगळ्या सहली तुमच्याकडे. पण दोनदा जेवायला येऊ. पहिल्या दिवशी तुमचं तिखलं आणि परतीच्या दिवशी यांची खिचडी. इतकी हॉटेलं पालथी घातली, मासे सगळे देतात. नंतरचं कोणीच देत नाही."

मरियमभाभी मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी शारजाला फोन लावला. "अक्रम? येत नाही रे मी. नाही, बरी आहे, एकदम बरी आहे. सुटीत तुम्हीच या पोरांना घेऊन. तुझे अब्बा खिचडी घालतील."

माडीवर ऋतिका अजून पडद्यावर वाट बघत होती. अलिझा तिच्यासमोर येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "तुझं मान्य. नकाराला वेगळी जात द्यायची. दिसणार नाही नि पुसता येणार नाही अशी. कॉपी करताना गळतं त्याचं बघू काहीतरी."

"अगं, सकाळी तर म्हणत होतीस, रिकामी फाईल कोण पुसणार?"

"माझे अब्बा."

ऋतिका हसली नाही. "प्रत्येक ऑफिसात एक अब्बा असतोच," ती गंभीरपणे म्हणाली.

संध्याकाळी अलिझाने पडदा काढला आणि नव्या पद्धतीने सगळी 'नाही' परत घालायला बसली. मरियमभाभी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. सांदणं नाही, पातोळ्या नाही, कालवं नाही. खिचडीचा फोटो आला तशी अलिझा थांबली.

"पुढे चल," मरियमभाभी म्हणाल्या. "ती राहू दे. नि ते कॅप्टनचं लिहिलंय, तेही राहू दे."

दारात अयूबभाई उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ऐकलं नाहीसं दाखवून ते आत गेले.

असं सगळं गोड झालं. खानावळ राहिली, मरियमभाभी राहिल्या, बाकडी पुन्हा भरायला लागली. फक्त एक गोष्ट मरियमभाभींच्या लक्षात यायला आठवडा लागला. एका सकाळी त्यांनी चहाचा डबा उघडला, तर आत भुकटीचा कणही नव्हता. साखरेचा डबा उघडला, तोही तसाच. मागे तेलाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, बिस्किटांचे पुडे नीट घड्या घालून ठेवलेले होते, आणि फळीवर हात ठेवायला जागा उरली नव्हती.

"ऐकलंत का? हे सगळं रिकामं आहे की हो! फेकत का नाही?"

अयूबभाई पेपर खाली न करता म्हणाले, "असू दे. ते काढलं की सगळ्यांना वाटायचं, घरात चहा आहे."